ढगांचा हिशेब

सकाळी ७:३०. मेरीलँडमध्ये माझा चहा व्हायचा असतो, तोवर चिपळूणहून आईचा फोन. तिथे संध्याकाळचे पाच. "काय गं, तुझ्या उपग्रहाला दिसतोय का आमचा पाऊस?" पाऊस नाही गं आई, ढग दिसतात. तेही बहुधा कालचे.

८:४५. एपिक कॅमेऱ्याची चित्रं उघडते. २०१५ साली सोडलेल्या डिस्कव्हर उपग्रहावरचा हा कॅमेरा पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूला असतो. त्यामुळे त्याला कायम उजेडातलीच पृथ्वी दिसते: डाव्या कडेला सकाळ, उजव्या कडेला संध्याकाळ. त्याच्या दहा पट्ट्यांपैकी मला हवी ३४० नॅनोमीटरची, म्हणजे अतिनील. तिच्यात भारत शोधून सापडत नाही. जंगल, शेत, समुद्र सगळं सारखंच काळपट, वर हवेनं विखुरलेल्या प्रकाशाचा पडदा. किनारा नकाशावरून आखून घ्यावा लागतो. कोकणावरचा ढग मात्र लख्ख पांढरा. दृश्य प्रकाशात वाळवंटही उजळ दिसतं आणि पातळ ढगाशी गल्लत होते. इथे मुख्यतः बर्फच फसवतो.

१०:००. वजाबाकी. ३४० ला ओझोन जवळपास काहीच शोषत नाही, हवेच्या रेणूंचा वाटा गणितानं काढता येतो. उरतं ते ढगाचं आणि जमिनीचं. निरभ्र समुद्रावरून शंभरातले पाचेक भाग परततात, पावसाळी जाड ढगावरून ऐंशीच्या आसपास. तेवढं अतिनील खाली पोचलंच नाही. चकतीच्या कडेचे ठिपके सरळ टाकून देते; तिथे किरण हवेतून फार तिरका जातो. ढगावर धूर पसरला असेल तर आकडा खाली येतो. तो चोर ३८८ च्या पट्टीशी ताडून पकडायचा.

१२:३०. डबा, स्क्रीनसमोरच.

१:१५. खरं काम आता, जुन्या उपग्रहांनी घेतलेल्या ढगांच्या नोंदीवर. ही नोंद मुळात कोणाला ढगांसाठी नकोच होती. १९७८ च्या निंबस-७ वरची उपकरणं ओझोन मोजायला गेली होती. ढगाखालचा ओझोन वरून दिसत नाही, म्हणून ढगाची परावर्तकता काढणं भागच होतं. ती अडचण फायलींत साठत गेली आणि एकामागून एक उपग्रह जोडून १९७९ ते २०११ अशी सलग मालिका तयार झाली. तिच्यात परावर्तकता किंचित घटलेली दिसते. पण मी आधी उपकरणावरच संशय घेते. आरसे अतिनीलात काळवंडतात. शिवाय उपग्रहाची कक्षा हळूहळू सरकते: काही वर्षांनी तो त्याच जागेवरून वेगळ्या वेळी जातो, आणि सकाळचे ढग म्हणजे दुपारचे ढग नव्हेत.

४:००. आरशाची परीक्षा ग्रीनलंडच्या बर्फावर. उन्हाळ्यातलं तिथलं पठार वर्षानुवर्षं जवळपास तेवढंच पांढरं. तिथला आलेख घसरला, तर दोष उपकरणाचा.

५:२०. रेघ सपाट आली. राहिली कक्षा सरकण्याची दुरुस्ती; ते काम रात्रभर चालायला लावून निघते.