काटा कोणाच्या हाती?

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून निघाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशात पांढुर्णा जिल्हा झाला. कारभार हिंदीत, घरची बोली मराठी आणि लग्नाचा बस्ता बांधायला नागपूर, अशी इथली रीत. नागपूरच्या मॉलमधली ढकलगाडी इथल्यांनी पाहिलेलीच आहे. आता त्या गाडीला कॅमेरे, वजनकाटा आणि पडदा बसवलेली 'स्मार्ट कार्ट' परदेशात फिरू लागली आहे. वस्तू टाकली की ती ओळखायची, बेरीज करायची आणि रांगेत न थांबता पैसे भरून बाहेर पडायचे.

ही गाडी कुठून आली हे पाहिले, की तिचा खरा धंदा कळतो. १९१६ मध्ये मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्सने 'पिगली विगली' दुकान उघडले आणि माल काढून देण्याचे नोकराचे काम गिऱ्हाइकाकडे दिले. १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमनने घडीच्या खुर्चीवरून सुचलेली चाकांची गाडी आणली. लोक तिला हात लावेनात, तेव्हा त्याने पगारी माणसे आणून दुकानात गाड्या ढकलत फिरवली. मग जास्त माल वाहून नेणेही गिऱ्हाइकाकडे आले. २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावी च्युइंगगमच्या पाकिटावरचा बारकोड पहिल्यांदा गल्ल्यावर वाचला गेला. राहिले होते मोजणे आणि हिशेब. ते काम स्मार्ट कार्ट गिऱ्हाइकाकडून करून घेते, आणि वर त्याला सोय म्हणते.

यंत्र एकट्याने हे सगळे करते असेही नाही. ॲमेझॉनच्या काही दुकानांत छतावरचे कॅमेरे पाहून बिल होत असे. त्यामागे भारतात बसून चित्रफिती तपासणारी सुमारे हजार माणसे होती, अशी बातमी आली. कंपनीने तिच्यातल्या तपशिलाला हरकत घेतली. २०२४ मध्ये मात्र तिने अमेरिकेतल्या आपल्या 'फ्रेश' दुकानांतून ती पद्धत काढून स्मार्ट कार्टवर भर दिला.

बंद पाकिटाचे सोपे असते. भारतात नोंदवलेल्या बारकोडची सुरुवात ८९० ने होते, गाडी तो वाचते. सुट्या मालाला चार आकडी क्रमांक लागतो. केळ्याचा ४०११. अमेरिकेत तो फळावर चिकटवलेला असतो. गाडीच्या पडद्यावर तो टाकायचा, मग काटा वजन सांगतो. सौंसरच्या बाजारातल्या संत्र्यावर, वांग्यावर, तुरीच्या डाळीवर असला क्रमांक कोण चिकटवणार?

इथे गाठ कायद्याशीही आहे. २००९ च्या वैध मापनशास्त्र कायद्यानुसार देवाणघेवाणीतला काटा पडताळून त्यावर शिक्का असावा लागतो, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी होते. शंभर गाड्या म्हणजे चालते-फिरते शंभर काटे. त्यात फरशी उतरती असेल, चाकाखाली खडा आला असेल, तर? 'काटा मारला' हा आपल्याकडचा जुना संशय. दुकानदाराने काटा मारला तर त्याच्याशी भांडता तरी येते. गाडीशी भांडायला कोण उभे राहील? शिवाय गावातला किराणावाला महिन्याची उधारी वहीत लिहितो. गाडी उधार देत नाही, जागेवर पैसे मागते.

म्हणून मला वाटते, ही हुशारी पांढुर्ण्यात आली तर ती गिऱ्हाइकाआधी शेतकऱ्याच्या बाजूने यायला हवी. इथली संत्री अनेकदा झाडावरच विकली जातात. फळ किती निघेल याचा अंदाज व्यापारी बांधतो, आणि त्याची नजर शेतकऱ्याच्या नजरेपेक्षा जास्त बागा पाहून तयार झालेली असते. कॅमेऱ्याने फळ ओळखणे, आकार पाहणे, वजन करणे, हेच तर गाडीतले तंत्र. फळे वेगळी करणारी यंत्रे तेच वापरतात. संत्र्याच्या आंबिया बहाराचा सौदा ठरण्याआधी बागेतली फळे कॅमेऱ्याने मोजून आकडा शेतकऱ्याच्या मोबाइलवर आला, तर भाव व्यापाऱ्याच्या अंदाजावर ठरणार नाही. त्यासाठी सुपरमार्केट लागत नाही. बाजार समितीने किंवा शेतकऱ्यांच्या एखाद्या कंपनीने पैसा घातला तरी पुरे.