उत्तरपत्रिकेतली कोरी जागा

दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये पहिलाच धडा आहे ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. चाचणी परीक्षेत आमच्या वर्गातल्या एका हुशार मुलीने त्यावरचा प्रश्न कोरा सोडला. विचारले तर खाली मान घालून म्हणाली, “सर, लिहिलं तर गुनाह होईल ना?” घरी कोणी तरी सांगितले होते की, हे लिहिणे म्हणजे हजरत आदम (अलैहिस्सलाम) यांना नाकारणे. दोन दिवसांनी तिचे अब्बा आले. “शिकवा सर, पण पोरीचं ईमान जाऊ देऊ नका,” एवढेच बोलले. त्यांची काळजी खरी होती. ती हसण्यावारी नेणाऱ्या शिक्षकांपैकी आम्ही नाही.

पण या काळजीतून आपल्याआधी ख्रिस्ती समाज गेला आहे, आणि त्यातले एक उदाहरण आपल्या भंडाऱ्याच्या शेजारीच आहे. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज आपल्या जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही? पण ज्यांच्या नावाने ते 1883 मध्ये सुरू झाले, ते स्टीफन हिस्लॉप कोण, हे फार थोड्यांना माहीत असते. ते स्कॉटलंडचे पाद्री. 1845 मध्ये धर्मप्रचारासाठी नागपूरला आले, शाळा काढली, गोंडांची भाषा आणि रीतीरिवाज टिपून ठेवले. आणि फिरता फिरता दगड गोळा केले.

नागपूरजवळच्या टाकळी इथे त्यांना लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या जुन्या तळ्याच्या गाळात शिंपले, फळे आणि बिया दगड झालेल्या सापडल्या. दक्षिणेकडच्या मांगली गावच्या दगडात बेडकाच्या दूरच्या नात्यातल्या एका प्राण्याची कवटी मिळाली. कोणते थर जुने, कोणते नवे, याचा क्रम लावून त्यांनी आपले सहकारी हंटर यांच्यासोबत लेख लिहिला. तो 1855 मध्ये लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. डार्विनचा ग्रंथ त्यानंतर चार वर्षांनी, 1859 मध्ये आला. पृथ्वी फार जुनी आहे आणि पूर्वी तिच्यावर वेगळेच जीव नांदत होते, याचे पुरावे आपल्या भागातून जमवणारा माणूस होता एक पाद्री! 1863 मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात ते बुडाले. तोवर त्यांनी ना बायबल सोडले, ना दगड.

सगळे ख्रिस्ती असे नव्हते. आयर्लंडचे बिशप अशर यांनी बायबलमधल्या वंशावळी मोजून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी 4004 असा ठरवला होता. ज्यांनी तो आकडाच ईमान मानला, त्यांना प्रत्येक जीवाश्म शत्रू वाटू लागला. अमेरिकेत टेनेसी राज्यात 1925 मध्ये उत्क्रांती शिकवल्याबद्दल स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला आणि 100 डॉलर दंड झाला. (आमच्या पेशातल्या माणसाला हे वाचून घाम फुटतो.) उलट कॅथलिक चर्चने वेगळी वाट धरली. 1950 मध्ये पोप बारावे पायस यांनी शरीराच्या उत्पत्तीचा शोध घेण्यास मोकळीक दिली. आत्मा मात्र थेट ईश्वरच निर्माण करतो, हे कायम ठेवले. 1996 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती हा आता निव्वळ अंदाज राहिलेला नाही, असे म्हटले.

आता आपले. पृथ्वीच्या वयाचा असा आकडा कुरआनात नाहीच. अल्लाहचा एक दिवस आपल्या हजार वर्षांसारखा, असे सूरह हजमध्ये आहे, तर सूरह मआरिजमध्ये पन्नास हजार वर्षांच्या दिवसाचा उल्लेख आहे. म्हणजे टाकळीच्या शिंपल्यांशी आपले भांडण नाही. सूरह अन्कबूत तर जमिनीवर फिरून निर्मितीची सुरुवात कशी झाली ते पाहा, असे सांगते.

मात्र हजरत आदम यांचा प्रश्न खरा आहे, तो लपवू नये. सूरह आले-इमरानमध्ये हजरत ईसा यांची उपमा आदमशी दिली आहे. ते बापाविना जन्मले, आदम मातीपासून निर्माण झाले. म्हणून अनेक उलेमा इतर जीवांची उत्क्रांती मान्य करूनही माणसाला वेगळे ठेवतात. काही अभ्यासक ‘मातीपासून’ या शब्दांचा अर्थ अधिक विस्ताराने घेतात. सर सय्यद अहमद खान यांचे म्हणणे होते की अल्लाहचा शब्द आणि अल्लाहची सृष्टी एकमेकांच्या विरोधात असू शकत नाहीत. त्यांच्यावर कुफ्रचे फतवे निघाले, हेही सांगायला हवे. आणि जाहिजने नवव्या शतकातच डार्विनचे सगळे सांगून टाकले, असा जो संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो तो अतिशयोक्ती आहे. बसऱ्याच्या त्या विद्वानाने प्राण्यांच्या जगण्याच्या धडपडीवर सुंदर लिहिले, एवढे पुरेसे आहे.

आम्ही हे सगळे त्या मुलीच्या अब्बांना सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “तुम्ही स्वतः काय मानता, सर?”

आम्ही खरे तेच सांगितले. दगडांची साक्ष आम्ही मानतो. हजरत आदम यांच्याबाबत कुरआनचा शब्द मानतो. दोन्हींची सांगड नेमकी कशी बसते, ते आम्हाला अजून कळलेले नाही. तेवढ्यासाठी कोणतीही एक गोष्ट खोटी ठरवायची आमची तयारी नाही.

“पोरगी लिहील,” ते उठत म्हणाले. “पण घरी मला तुम्हीच समजावलं म्हणून सांगतो.”

पुढच्या परीक्षेत तिने जीवाश्मांचा प्रश्न पूर्ण लिहिला, आकृतीसह. मानवी उत्क्रांतीच्या उत्तराची सुरुवात तिने ‘शास्त्रज्ञांच्या मते’ अशी केली होती. आम्ही पूर्ण गुण दिले.