लघवीच्या रंगापासून मनगटावरच्या बाणापर्यंत

परभणीतून वेगळा होऊन आपला हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेत मिनिमेड कंपनीच्या सेन्सरला मान्यता मिळाली. कातडीखाली राहून मधुमेहींची साखर सतत मोजणारं हे पहिलं यंत्र. पण आकडे पेशंटला दिसत नसत. तीन दिवसांनी डॉक्टरच ते उतरवून घेत.

त्याआधीची तपासणी जुन्या माणसांना आठवत असेल. बेनेडिक्टचं निळं द्रावण, त्यात लघवीचे थेंब आणि खाली स्पिरिटचा दिवा. हिरवा, पिवळा की विटकरी, यावर औषध ठरायचं. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही. त्यामुळे वाढलेली साखर उशिरा कळायची आणि उतरलेली कळायचीच नाही. पुढे ग्लुकोमीटर आला, बोट टोचलं की लगेच आकडा मिळू लागला. तरी तो त्या एका क्षणाचाच.

मला या सगळ्या प्रवासात महत्त्वाची वाटते ती उतरलेली साखर. आपल्याकडे रब्बीत शेतीपंपाची वीज बऱ्याचदा रात्रीची. संध्याकाळी इन्सुलिन टोचून, घाईत अर्धी भाकर खाऊन माणूस गव्हाला नाहीतर हळदीला पाणी द्यायला जातो. दारं धरताना अंगमेहनत होते, साखर ७० च्या खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं बरळल्यासारखं होतं. बघणाऱ्याला वाटतं, प्यायलाय. अशा वेळी मूठभर साखर मिळाली तर माणूस सावरतो. पण उतरलेली साखर वेळेवर कळायला तर हवी!

घड्याळातून साखर मोजायचा पहिला मोठा प्रयत्न २००१ चा, ग्लुकोवॉच. कातडीतून बारीक वीजप्रवाह सोडून ते साखर ओढून घेई. कातडी लाल व्हायची, चुरचुरायची. घाम आला की मोजणी चुकायची. काही वर्षांतच ते बाजारातून गेलं. खरी वाट काढली ती पालकांनी. २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन कॉस्टिक या अभियंत्याने आपल्या लहान मुलाच्या सेन्सरचे आकडे स्वतः प्रोग्राम लिहून इंटरनेटवर आणले. मुलगा शाळेत, बाप कामावर, आणि आकडा समोर. त्यातून नाइटस्काउट ही पालकांनी चालवलेली प्रणाली उभी राहिली आणि त्यांच्या मनगटावरच्या पेबल घड्याळात मुलांची साखर दिसू लागली. कंपन्यांच्या आधी आईबापांनी केलेलं हे काम मला फार मोठं वाटतं.

भारतात फ्रीस्टाइल लिब्रे प्रो हा सेन्सर २०१५ मध्ये आला, तोही डॉक्टरांनी वाचायचा. पेशंटने स्वतः बघायचा लिब्रे २०२० मध्ये. दंडाच्या मागच्या बाजूला रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी चकती, आत केसासारखा धागा, मुक्काम चौदा दिवस. धागा रक्तात नसतो, पेशींभोवतीच्या पाण्यात असतो. म्हणून आकडा रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो. तेव्हा आकड्याइतकंच शेजारच्या बाणाकडे बघायचं. ९० आणि बाण आडवा, तर निवांत. ९० आणि बाण सरळ खाली, तर लगेच काही गोड खायचं. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन हा आलेख बघावा. उपवासाच्या ताटलीने रेघ कशी उभी चढते ते डॉक्टरांनी दहादा सांगूनही पटत नाही, तिथे एकदाच पटतं.

या पहिल्या लिब्रेत फोन दंडाजवळ नेल्याशिवाय आकडा मिळत नसे, आपणहून गजर होत नसे. ब्लूटूथच्या सेन्सरांनी ती अडचण काढली. सेन्सर फोनला सांगतो, फोन घड्याळाला. फोन जवळ असेल तर या गजराला इंटरनेट लागत नाही. दुसऱ्या गावातल्या मुलाला आकडा दाखवायचा तरच रेंज हवी. २०२४ मध्ये डेक्सकॉम जी७ हा सेन्सर थेट ॲपल वॉचशी बोलू लागला.

आजचं घड्याळ स्वतः साखर मोजत नाही, हे मात्र ठासून सांगायला हवं. हजार-दोन हजारांची घड्याळं नुसत्या उजेडावर साखर दाखवतात म्हणे. कातडीला न टोचता साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्ट घड्याळाला वा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. त्या आकड्यावर इन्सुलिन घेणं जिवावर बेतू शकतं.

खरा सेन्सर चौदा दिवस चालतो, काही हजारांना पडतो, महिन्याला दोन लागतात. मजुराच्या घराला हे झेपणारं नाही. टाइप १ च्या लेकरांना तरी सरकारी दवाखान्यातून इन्सुलिनबरोबर सेन्सर मिळाला पाहिजे. रात्री दोनला उठून झोपलेल्या पोराचं बोट टोचणाऱ्या आया आपल्या हिंगोलीच्या सेनगाव-औंढ्यातही आहेत.