गणवेश एक, बाकही एक

कोलकात्याच्या सियालदह स्थानकाजवळ लोरेटो डे स्कूल ही मुलींची शाळा आहे. १९७९मध्ये आयरिश संन्यासिनी सिस्टर सिरिल मूनी तिथे मुख्याध्यापिका झाल्या, तेव्हा सुमारे ७९० मुलींपैकी गरीब घरांतल्या मुली ९०च्या आसपास होत्या. दोनेक दशकांत पट चौदाशेच्या घरात गेला आणि त्यातल्या निम्म्या मुली फी न भरता शिकू लागल्या.

फी माफ झाली म्हणजे मूल शाळेत टिकतं असं नाही. शाळेने गणवेश, पुस्तकं, जेवण यांचाही भार उचलला. फी भरणारी आणि न भरणारी मुलगी एकाच वर्गात बसली.

१९८५मध्ये ‘रेनबो’ उपक्रम सुरू झाला. फूटपाथवर आणि स्थानकात वाढणाऱ्या मुलींना शाळेचं दार उघडं झालं. कार्यानुभवाच्या तासाला शाळेतल्याच मुली त्यांना एकास एक शिकवत. अक्षरओळख पक्की झाली की त्या मुलींना नियमित शाळेत घातलं जाई. आधी शिकणं आणि सोबत, मग गणवेश, असा हा क्रम होता. २००७मध्ये सिस्टर सिरिल यांना पद्मश्री मिळाली.

सरकारी पातळीवर मात्र चर्चा गणवेशाभोवतीच फिरत राहते. पश्चिम बंगालने २०२२मध्ये सरकारी व अनुदानित शाळांसाठी निळा-पांढरा गणवेश ठरवला, त्यावर राज्य सरकारचं ‘विश्व बांग्ला’ हे बोधचिन्ह आलं. जुन्या शाळांची ओळख पुसली जाईल, अशी टीका झाली. महाराष्ट्राने २०२४-२५साठी ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना आणली. शिलाई महिला बचत गटांकडे दिली, पण अनेक शाळांत कपडे वेळेवर पोचलेच नाहीत. त्या डिसेंबरमध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं.

इतर देशांच्या वाटा निरनिराळ्या आहेत. फिनलंडच्या शाळांत गणवेश नसतो. तिथे १९४८पासून प्रत्येक मुलाला शाळेत मोफत जेवण मिळतं. इंग्लंडमध्ये गणवेश रूढ आहे, पण त्याचा खर्च पालकांना झेपावा यासाठी २०२१मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. फ्रान्समध्ये गणवेशाची सक्ती नाही. २०२४मध्ये काही शाळांत त्याचा प्रयोग सुरू झाला.

भारतात २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांच्या प्रवेशवर्गात २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखल्या. सियालदहच्या शाळेने स्वेच्छेने हा वाटा पन्नास टक्क्यांवर नेला होता, तोही कायदा येण्याच्या कितीतरी आधी. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४मध्ये नियम बदलून, जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना या जबाबदारीतून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला.

प्रवेशाचा हक्क असा वाचला. आता या मुलांच्या गणवेशाचा आणि पुस्तकांचा खर्च पालकांच्या माथी पडत नाही ना, हे शिक्षण विभागाने दर जूनमध्ये शाळेगणिक तपासायला हवं.