पाठीवरचे तळे

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या, की नायगावच्या बीडीडी चाळींतील दोन इमारतींमधल्या गटारालगतच्या अंधारातून जो खरबरीत अंगाचा, माथ्यावर काळ्या कडा वागवणारा भेक दिव्याखाली येऊन बसतो आणि पंख गळालेल्या वाळव्या जिभेने एकामागून एक टिपतो, त्याचे घास गिळताना मिटून आत जाणारे डोळे मी लहानपणी तासन्‌तास पाहिले आहेत. हा प्राणी वर्षातील बहुतेक काळ जमिनीवर काढतो. परंतु प्रजोत्पादनाची वेळ आली, की पूर्वापार वहिवाटीप्रमाणे त्याला पाणी गाठावेच लागते. मादी डबक्यात काळ्या मण्यांच्या माळांसारखी हजारो अंडी सोडून निघून जाते, आणि डबके आटले तर त्या माळांना कोणी वाली उरत नाही.

दक्षिण अमेरिकेतील पिपा हा भेक मात्र जन्मभर पाण्यातच मुक्काम करतो, आणि तरीही आपली अंडी पाण्याच्या हवाली करीत नाही. वाळल्या पानासारखा चपटा देह, बारीकसे डोळे, मुळीच नसलेली जीभ. गढूळ पाण्यात बोटांच्या टोकांवरील तारकाकृती स्पर्शांगांनी चाचपून तो भक्ष्य पाण्यासकट तोंडात ओढून घेतो. मीलनकाळी नर मादीला कमरेशी धरतो, दोघे पाण्यात कोलांट्या घेतात, आणि त्या घेत असतानाच बाहेर पडणारी अंडी नर मादीच्या पाठीवर दाबून बसवतो. पुढे काही दिवसांत पाठीची त्वचा फुगून प्रत्येक अंड्याभोवती एकेक कप्पा तयार होतो. भैकेराची, म्हणजे शेपटीवाल्या पिलाची, सारी अवस्था त्या कप्प्यातच पार पडते, आणि तीन-चार महिन्यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या दिसणाऱ्या त्या पाठीतून हातपाय फुटलेली पूर्ण पिले बाहेर येतात. मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीने सुरिनामच्या प्रवासानंतर 1705 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे दृश्य रेखाटले आहे. पन्नाशी उलटलेल्या त्या बाईंच्या निरीक्षणापुढे मी नतमस्तक होतो. पिले गेल्यावर पिपाची मादी पाठीवरची ती कातडी टाकून देते.

इकडे नायगावात गेल्या आषाढात दोन दिवस उघडीप पडली, तेव्हा पोलीस मैदानाच्या कडेला चाकाने पडलेल्या खळग्यात काळ्या भैकेरांचा घोळका चिखलाला टेकला होता. पागोळीखाली भरलेली बादली मी त्यात हळूच रिती केली, तशा त्या शेपट्या पुन्हा हलू लागल्या.