कम्पायलरच्या मॅन्युअलमधली एक छोटी रेघ चुकली तर काय होतं?

सी शिकताना ही चूक अगदी सहज होते. प्रोग्रॅम वेगानं चालावा म्हणून कम्पायलरला ‘हायफन, कॅपिटल ओ, २’ असा ऑप्शन द्यायचा असतो. घाईत कॅपिटल ओऐवजी छोटा ओ टाइप होतो. कम्पायलर काहीच तक्रार करत नाही. प्रोग्रॅम तयारही होतो. फक्त फोल्डरमध्ये ‘२’ नावाची एक फाइल येऊन बसते आणि प्रोग्रॅमचा वेग काही वाढत नाही.

कारण छोटा ओ म्हणजे ‘तयार होणाऱ्या फाइलला हे नाव दे’ आणि कॅपिटल ओ म्हणजे ‘कोड वेगवान कर’. कम्पायलरनं सांगितलं तेच केलं. सांगणाऱ्याचं अक्षर चुकलं होतं.

ही चूक एका विद्यार्थ्याकडून झाली तर एका विद्यार्थ्याचा वेळ जातो. पण अशी चूक मॅन्युअलमध्येच असेल तर? ते वाचणारा प्रत्येक जण तीच चूक करणार. म्हणूनच कम्पायलरच्या मॅन्युअलमधले टायपो आणि मांडणीतले दोष शोधून दुरुस्त करणं हे एक खरंखुरं काम आहे आणि जगभरातली माणसं ते करतात.

कम्पायलर आणि त्याचे ऑप्शन

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. आपण सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला कोड प्रोसेसरला थेट कळत नाही. तो प्रोसेसरच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम म्हणजे कम्पायलर. त्यातला सगळ्यात नावाजलेल्यांपैकी एक म्हणजे जीसीसी. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ मध्ये पहिल्यांदा सर्वांसाठी खुला केला. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, वर्षानुवर्षं याच कम्पायलरनं तयार होत आला आहे.

जीसीसीला बटणं किंवा मेन्यू नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची आणि त्या ओळीत ऑप्शन लिहायचे. कोणते इशारे दाखवायचे, कोड किती वेगवान करायचा, कोणत्या प्रोसेसरसाठी बनवायचा, या सगळ्याला वेगवेगळे ऑप्शन आहेत. ते सगळे एका मॅन्युअलमध्ये समजावलेले असतात. या ऑप्शनांची माहिती असलेली एकटी फाइलच तीस हजारांहून जास्त ओळींची आहे.

एकच रेघ, वेगवेगळी चिन्हं

या मॅन्युअलमधली सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे ऑप्शनच्या आधी येणारी आडवी रेघ.

आपल्या डोळ्यांना ती फक्त एक रेघ दिसते. कॉम्प्युटरसाठी मात्र प्रत्येक चिन्हाला वेगळा क्रमांक असतो. कीबोर्डवरच्या साध्या हायफनचा क्रमांक ४५. छपाईत वापरतात त्या जरा लांब रेघेचा, म्हणजे एन डॅशचा, ८२११. त्याहून लांब एम डॅशचा ८२१२. आणि दिसायला हुबेहूब हायफनसारख्याच असलेल्या आणखी एका चिन्हाचा ८२०८.

कम्पायलर फक्त ४५ क्रमांकाच्या हायफनलाच ऑप्शनची सुरुवात मानतो. लांब रेघ दिली तर त्याला वाटतं, हे एखाद्या फाइलचं नाव आहे. मग ‘अशी फाइल सापडली नाही’ असं उत्तर येतं आणि नवखा विद्यार्थी फाइल शोधत बसतो.

हा अनुभव तुम्हालाही आला असेल. काही फोन आणि वर्डसारखी सॉफ्टवेअर दोन हायफन एकापाठोपाठ टाइप केले की त्यांची आपोआप एक लांब रेघ करतात. सरळ अवतरणचिन्हंही वळणदार होतात. निबंधात ते छान दिसतं. पण तोच मजकूर कमांड म्हणून कॉपी-पेस्ट केला की अडतो. व्हॉट्सॲपवर मित्रानं पाठवलेली कमांड चालत नसेल तर सगळ्यात आधी ती रेघ तपासा.

मग मॅन्युअलमध्ये ही चूक येते कुठून?

जीसीसीचं मॅन्युअल टेकइन्फो नावाच्या पद्धतीत लिहिलेलं असतं. लेखक एकच फाइल लिहितो. त्यातूनच वेबसाइटची पानं, पीडीएफ आणि लिनक्सवर वाचायचं ‘मॅन पेज’ तयार होतं. म्हणजे मूळ फाइलमधली एक चूक या सगळ्या ठिकाणी पोचते.

टेकइन्फोचा एक नियम आहे. साध्या मजकुरात दोन हायफन लागोपाठ आले तर त्याचा एन डॅश करायचा आणि तीन आले तर एम डॅश. पुस्तकाच्या दृष्टीनं हे बरोबरच आहे. पण मदत मागण्यासाठीचा ‘हेल्प’ हा ऑप्शन दोन हायफननंच सुरू होतो. म्हणून ‘हा ऑप्शन आहे, याला हात लावू नकोस’ अशी खूण त्याच्याभोवती करावी लागते. ती खूण करायची राहिली की छापील पानावर दोन हायफनच्या जागी एक लांब रेघ येते. लेखकानं बरोबर टाइप केलेलं असतं, तरी वाचकापर्यंत चुकीचं पोचतं. मांडणीतला दोष म्हणतात तो हाच.

मॅन पेजच्या बाबतीतही असंच झालं आहे. ही पानं पडद्यावर मांडणाऱ्या ‘ग्रॉफ’ या सॉफ्टवेअरची १.२३ ही आवृत्ती २०२३ मध्ये आली. तिनं नियम काटेकोर केले. मूळ फाइलमध्ये ज्या हायफनवर खास खूण नव्हती, ते ८२०८ क्रमांकाच्या चिन्हात दिसू लागले. परिणाम असा की पानावर ऑप्शन डोळ्यांना दिसतो, पण टाइप करून शोधला तर सापडत नाही. डेबियनसारख्या लिनक्सनं आपल्या वापरकर्त्यांसाठी जुनीच पद्धत चालू ठेवली.

टायपो म्हणजे फक्त स्पेलिंग नाही

मॅन्युअलमधल्या दुरुस्त्या साधारण तीन प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार सरळ स्पेलिंगचा. एक शब्द दोनदा आलेला असतो, एखादं अक्षर गळलेलं असतं. वाचताना अडखळायला होतं, पण अर्थ कळतो.

दुसरा प्रकार एकसारखेपणाचा. जीसीसीनं शब्द कसे लिहायचे याची यादीच केली आहे. उदाहरणार्थ, ‘कमांड लाइन’ हे नाम म्हणून आलं तर इंग्रजीत सुटं लिहायचं आणि ‘कमांड-लाइन ऑप्शन’ असं विशेषण म्हणून आलं तर मध्ये हायफन द्यायचा. हे नखरे वाटतील. पण हजार पानांच्या आसपासच्या दस्तावेजात एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला असेल तर तो शोधायचा कसा?

तिसरा प्रकार सगळ्यात महत्त्वाचा, तो खुणांचा. मॅन्युअलच्या शेवटी ऑप्शनांची सूची असते. प्रत्येक ऑप्शनपाशी सूचीसाठी एक अदृश्य खूण करावी लागते. ती चुकली तर ऑप्शन सूचीत येत नाही. आता या सूचीवर आणखी एक जबाबदारी आहे. जीसीसी १० पासून, म्हणजे २०२० पासून, सोय असलेल्या टर्मिनलमध्ये इशाऱ्यातल्या ऑप्शनच्या नावावर क्लिक केलं की मॅन्युअलमधलं स्पष्टीकरण उघडतं. २०२४ च्या जीसीसी १४ मध्ये या लिंक मॅन्युअलच्या सूचीवरूनच तयार होऊ लागल्या. म्हणजे मॅन्युअलमधल्या खुणेचा परिणाम थेट कम्पायलरच्या वागण्यावर दिसतो.

दिसलं चूक म्हणून केलं दुरुस्त, असं चालत नाही

इथे एक धोका आहे. चूक वाटणारी प्रत्येक गोष्ट चूक नसते.

‘डब्ल्यू-ऑल’ हा ऑप्शन घ्या. नावावरून वाटतं, हा सगळे इशारे दाखवत असेल. प्रत्यक्षात तो सगळे दाखवत नाही आणि मॅन्युअल तसं स्पष्ट सांगतं. आणखी इशारे हवे असतील तर ‘डब्ल्यू-एक्स्ट्रा’ द्यावा लागतो आणि त्यानंतरही काही उरतातच. नावाचा अर्थ धरून कुणी हे वाक्य ‘सुधारलं’ तर बरोबर माहिती चुकीची होईल. म्हणून दुरुस्ती करणाऱ्यानं तो ऑप्शन स्वतः चालवून बघायचा, मगच मजकुराला हात लावायचा.

दुरुस्ती कशी करतात?

जीसीसीचा सगळा कोड आणि मॅन्युअलच्या मूळ फाइल कुणालाही मोफत उतरवून घेता येतात. २०२० पासून त्या गिट या प्रणालीत आहेत. पायऱ्या अशा:

१. सगळ्यात ताजी फाइल घ्या. चूक आधीच दुरुस्त झालेली असू शकते.

२. फक्त चुकलेली ओळ बदला. सोबत इतर दहा गोष्टी बदलू नका. तपासणाऱ्याला नेमका बदल दिसला पाहिजे.

३. वेबपान आणि पीडीएफ पुन्हा तयार करून डोळ्यांनी बघा. मूळ फाइल नीट दिसते म्हणजे छापील पान नीट असेलच असं नाही.

४. काय बदललं आणि कोणत्या भागात, हे एका ओळीत लिहा. बदल आपला आहे आणि तो द्यायचा आपल्याला हक्क आहे, असं सांगणारी नावाची ओळ जोडा. ही सोपी पद्धत जीसीसीनं २०२१ मध्ये स्वीकारली.

५. तो बदल, म्हणजे ‘पॅच’, तपासणीसाठी पाठवा. प्रकल्पातले जुने सदस्य उघड दिसणारी चूक परवानगीची वाट न बघता दुरुस्त करू शकतात. नवख्याचा पॅच मात्र आधी कुणीतरी तपासतं.

महाराष्ट्राचा यात काय संबंध?

जीसीसीचा अभ्यास आपल्याकडे नवा नाही. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकारानं जीसीसी रिसोर्स सेंटर उभं राहिलं. हा अवाढव्य कम्पायलर आतून कसा चालतो हे समजावणाऱ्या कार्यशाळा तिथे झाल्या आणि त्यांचं साहित्य सर्वांसाठी खुलं ठेवलं गेलं. पुणे विद्यापीठाच्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला ‘एसपीओएस’ हा विषय असतो, त्यातही कम्पायलरची ओळख होते.

पण परीक्षेपुरता कम्पायलर शिकणं आणि खऱ्या कम्पायलरला हात लावणं यात मोठं अंतर आहे. मॅन्युअलमधली दुरुस्ती हे अंतर कमी करते. कार्ल्याहून मळवली स्टेशनवर येऊन पुण्याची लोकल धरणाऱ्या विद्यार्थ्याला त्यासाठी महागडं मशीन लागत नाही. जुना लॅपटॉप, इंटरनेट आणि वाचायची चिकाटी पुरते. एका हायफनसाठी पाठवलेल्या पॅचमध्येही गिट शिकावं लागतं, मॅन्युअल तयार करावं लागतं आणि अनोळखी तज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. कोडमधला मोठा बदल पाठवतानाही हेच करायचं असतं.

कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. दगडात एखादं अक्षर चुकलं तर ते चुकलेलंच राहतं. मॅन्युअलचं तसं नाही, पण अगदीच वेगळंही नाही. जीसीसीच्या वेबसाइटवर जुन्या आवृत्त्यांची मॅन्युअलही ठेवलेली असतात. आज केलेली दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत दिसते, जुन्या पानांवर ती चूक तशीच असते आणि कुणीतरी अजूनही तिथूनच कॉपी करत असतो.

म्हणून पुढच्या वेळी मॅन्युअलमधली कमांड चालली नाही, तर आधी स्वतःचं टायपिंग तपासा. मग रेघ तपासा. मग मॅन्युअलची ताजी आवृत्ती उघडा. तिथेही चूक तशीच असेल, तर तिचा स्क्रीनशॉट स्टेटसला टाकून थांबू नका. ती दुरुस्त करून पाठवा.