लाकूड पाणी पिते

पोट्ट्या, जुलै लागला की देवघराचं दार अडते आणि मे महिन्यात तेच दार सैल हलते, याचं कारण बिजागरीत शोधू नको. ते लाकडात आहे. झाड तोडून ५० वर्षं होवोत, लाकूड हवेतलं पाणी पिणं काही सोडत नाही. आपल्या नागपुरात तर त्याची परीक्षाच: मे महिन्यात ४५ अंशांची भट्टी, अन् दोन महिन्यांत भिंतींनाही ओल.

लाकूड म्हणजे गव्हाच्या काड्यांची मोळी समज. ओल लागली की काडी जाड होते, लांब होत नाही. ओलं सागवान पुरतं वाळलं तर हातभर लांबीत जेमतेम मिलिमीटरभर घटते, पण वीतभर रुंदीत चक्क सेंटिमीटरभर कमी होऊ शकते.

आता जुन्या सुताराची करामत बघ. खांबात पटाशीनं चौकोनी खाच पाडायची, तुळईच्या टोकाला तिच्या मापाचं कुसू काढायचं अन् ठोकून बसवायचं. खांबाच्या काड्या उभ्या, तुळईच्या आडव्या. पावसाळ्यात कुसू उंचीला फुगते, पण खाचेची उंची खांबाच्या लांबीकडून, ती वाढतच नाही! म्हणून ओल आली की पकड घट्ट.

मग उन्हाळ्यात? बरोबर विचारलंस. तेव्हा कुसू आकसते, म्हणून तर आरपार लाकडी खुंटी मारायची. खुंटी खडखडीत वाळलेली हवी. ती मग तुळईतली ओल पिऊन आतल्या आत फुगते. खिळा बिचारा ना फुगतो, ना आकसतो. लाकूड दरसाल त्याच्याभोवती दबते, सुटते अन् भोक सैल होते.

अन् आग? महाल भागातला भोसल्यांचा राजवाडा लाकडी कोरीवकामासाठी नावाजलेला. १८६४ साली जळाला, मोठा दरवाजा तेवढा उरला. लाकूड जळते, त्यात वाद नाही. पण जाड तुळईवर कोळशाचा थर चढतो, तो उष्णता अडवतो अन् जळण मिनिटाला साधारण ०.७ मिलिमीटरच आत सरकते. उघड्या पोलादाची ताकद मात्र साडेपाचशे-सहाशे अंशांना निम्म्यावर येते.

म्हणून नॉर्वेच्या ८५.४ मीटर उंच मियोस्टॉर्नेट इमारतीत (२०१९) सांध्यांतल्या पोलादी पट्ट्या लाकडाच्या पोटात लपवल्या आहेत. लोखंडाचं रक्षण लाकूड करते, बोला! मला विचारशील तर झुरिचची टामेडिया इमारत सरस. शिगेरू बान या जपानी वास्तुकारानं २०१३ साली सात मजल्यांचा लाकडी सांगाडा उभा केला, सांध्यांत पोलाद नाही. खाचा यंत्रानं कापलेल्या, इतकाच फरक.

आपलं सागवानही दूर गेलं, दिल्लीच्या नव्या संसद भवनात. पण तिथं ते सजावटीला. भार काँक्रीटच्या खांबांवर आहे.